६१२ मार्कांच्या नोट्स

खोली रिकामी करायला सोळा दिवस होते आणि विकायच्या वस्तू अकरा. मी यादी केली, प्रत्येक वस्तूचे तीन फोटो काढले, एक समोरून, एक बाजूने आणि एक जिथे काही खराबी असेल तिथला, आणि जुन्या वस्तूंच्या ॲपवर टाकले. कूलरची एक जाळी बदललेली होती, टेबलाचा डावा कप्पा अडकत होता, कॉटची एक पट्टी वाकलेली होती. हे सगळं मी लिहून टाकलं. खराबी आधीच दाखवली की घेणारा घासाघीस कमी करतो, असं माझं मत होतं. निदान घरी येऊन नवीन काही शोधून काढत नाही.

लातुरात जून महिन्यात हे सगळीकडेच चालतं. नीटचा निकाल लागतो, जाणारी मुलं कूलर, कॉट, टेबल विकतात आणि येणारी तेच घेतात. आमच्या टेबलाच्या आतल्या बाजूला पेनने चार वेगवेगळ्या मुलांची नावं लिहिलेली होती. पाचवं गंधारचं.

गंधार माझा धाकटा भाऊ. आमचे बाबा हदगावला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मी नांदेडला फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि लातूरच्या एका क्लासमध्ये डाउट काउंटरवर लागले. मुलं न सुटलेली गणितं घेऊन रांगेत उभी राहतात आणि मी एकेकाला सोडवून देते, असं ते काम. दोन वर्षं आम्ही दोघं शिवकांताकाकूंच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. दुसऱ्या प्रयत्नात गंधारला ४३१ मार्क पडले. सरकारी सीटसाठी त्याहून दीडशे तरी जास्त लागत होते. त्याने निकाल पाहिला, फोन पालथा ठेवला आणि म्हणाला, "ताई, बास. नांदेडला बी.एस्सी. करतो." मलाही नांदेडच्या एका कॉलेजात तासिकांवर काम मिळालं होतं. त्यामुळे दोघांनीही निघायचं ठरलं.

सामान विकण्याबद्दल त्याने एकच गोष्ट सांगितली.

"नोट्स रद्दीत घालू नको. बाकी काहीही कर."

"रद्दीत कोण घालतंय?"

"तसं नाही. कुणीतरी वाचल्या पाहिजेत. फुकट दे हवं तर, पण वाचणाऱ्याला दे."

तेवीस जाड वह्या होत्या. डाव्या पानावर प्रश्न आणि उत्तर, उजव्या पानावर लाल पेनने, आपण कुठे चुकलो आणि का. दोन वर्षांतली त्याची प्रत्येक चूक तारखेसकट तिथे होती. काउंटरवर रोज शंभर मुलांच्या वह्या माझ्या हाताखालून जात होत्या, पण अशी वही मी दुसरी पाहिली नव्हती. हे मी त्याची बहीण म्हणून म्हणत नाही.

कूलर दुसऱ्या दिवशी गेला, टेबल तिसऱ्या दिवशी. नोट्ससाठी मात्र पहिला मेसेज आला तो असा: "मार्क किती पडले?"

मी खरं लिहिलं आणि जाहिरातीतही टाकलं. ४३१.

"मग कशाला घ्यायच्या?"

दुसऱ्याने लिहिलं, "ताई, नापास पोराच्या नोट्स चार हजाराला? दीडशे देतो." तिसऱ्याने विचारलं, "वजन किती?" मला वाटलं एसटीने न्यायचं असेल म्हणून विचारतोय. काकूंच्या घरातला तागडी-काटा आणून मी वह्यांचं खोकं मोजलं. चौदा किलो. जाहिरातीत वजनही लिहिलं. त्यावर त्याने उत्तर पाठवलं, "रद्दी बारा रुपये किलो चालू आहे."

चार दिवसांत तेरा मेसेज आले. सगळ्यात मोठा भाव तीनशे. गंधार रोज रात्री जेवताना विचारायचा, "नोट्सचं काही?" आणि मी म्हणायचे, "विचारतायत लोक."

पाचव्या दिवशी मी जाहिरातीतला एक आकडा बदलला. ४३१ च्या जागी ६१२ लिहिले. फोटो तेच, किंमत तीच, वजन तेच. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. मला फक्त बघायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. चाळीस मिनिटांत एकोणीस मेसेज आले.

त्यानंतर आकडा परत बदलायचा होता. तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो, ते नोट्स हायत का अजून? मी शेषेराव बोलायलो, मुखेडकडून."

"आहेत."

"पोराला खरंच सहाशे बारा पडले?"

टाइप करताना जे आकडा बदलणं वाटलं होतं, ते आता तोंडाने म्हणायचं होतं. आतल्या खोलीत गंधार पुस्तकं वेगळी करत होता. मी गॅलरीत गेले आणि म्हणाले, "हो. माझा भाऊ आहे."

"वा, वा! आई-बापाचं नाव काढलं. माझी पोरगी, तनुजा, यंदा क्लासला टाकायलो. दहावीला एक्याण्णव टक्के. लई वाचती. पण ताई, चार हजार लई व्हतेत. वह्याच हायत की, काय सोनं हाय?"

"सोनं असतं तर तोळ्यावर विकलं असतं, काका. क्लासचे नवे मॉड्यूल घ्यायला गेलात तर अठरा हजार लागतील."

"नवे घ्यायचे असते तर तुमाला कशाला तरास दिला असता? दोन हजार."

"साडेतीन."

"तुमी मास्तरीण हायत का?"

"का हो?"

"जरा बी हलनात म्हणून."

मला हसू आलं. तोही हसला. "अडीच," तो म्हणाला. "माज्याकडं मोजून अडीचच हायत. खरं सांगायलोय."

मोजून एवढेच आहेत, हे वाक्य गेल्या पाच दिवसांत मी सहा जणांकडून ऐकलं होतं आणि सहाही जणांनी नंतर पैसे वाढवले होते. मी तीन हजारांवर अडून बसले. मग तो म्हणाला, "बरं. तीन. करतो कायतरी. पण एक हाय, ताई. वह्या पोराच्याच हातनं पायजेत."

"म्हणजे?"

"माज्या पोरीच्या वटीत त्यानं सोता घालाव्या. आमच्याकडं बियाणं घेताना असंच घेतेत. ज्याच्या वावरात पिकलं त्याच्याच हातनं. दुकानातलं बी महाग असून उगवत न्हाई कधीकधी, पण हे उगवतं. हाताला गुण असतो. तुमी सायन्सवाले, हसाल."

मी हसले नाही. म्हणाले, "तो ॲडमिशनच्या कागदांसाठी नांदेडला जातोय. रविवारी सकाळी अकराला या, बघू."

रविवारी सकाळी गंधार अभ्यासिकेत लॉकरची चावी परत करायला आणि सगळ्यांना भेटायला जाणार होता. एकच्या आधी परतणार नाही, असा माझा हिशेब होता. शेषेराव येतील, तो नाही असं मी सांगेन, थोडी हळहळ होईल, पण इतक्या लांबून आलेला माणूस वह्या घेतल्याशिवाय जाणार नाही. गंधारला सांगता येईल की एक हुशार मुलगी घेऊन गेली. आणि ते खरंच असेल.

शनिवारी संध्याकाळी शिवकांताकाकू अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या. काकू किल्लारीच्या बाजूच्या. भूकंप झाला तेव्हा सातवीत होत्या. त्यांच्या घरात माळ्यावर काही ठेवायची परवानगी नव्हती. डोक्यावर वजन नको, असं त्या खोली देतानाच सांगायच्या, म्हणून आमची सगळी पुस्तकं दोन वर्षं जमिनीवरच रचलेली होती.

"गेल्या का गं वह्या?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायचंच होतं.

"मग बरं केलंस," त्या म्हणाल्या. "लोक वस्तू बघत नसतेत. कुणाची हाय ते बघतेत. भूकंपानंतर आमच्या मायनं तांब्याचा हंडा लातूरला विकायला आणला. चांगला जाड हंडा, नुसता एका बाजूनं चेपलेला. जो तो विचारायचा, कोणत्या गावचा? गाव सांगितलं की विचारायचा, घरातलं कोण गेलं का? गेलं म्हटलं की हंडा खाली ठेवायचा. मयताच्या घरातलं भांडं नको म्हणायचे. तीन गिऱ्हाईकं गेली. चौथ्याला माय म्हणाली, कोण नाही गेलं, सगळे हायत. मग घेतला त्यानं."

"आणि खरं?"

"माझा भाऊ गेला होता." काकूंनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "पण पैशाची गरज होती. तू पण जास्त विचार करू नको. वह्या गेल्याशी मतलब."

मी वर आले. जास्त विचार केला नाही.

रविवारी अकराला पाच कमी असताना दोघं आले. शेषेराव पन्नाशीचे, उंच, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात. तनुजा सोळाची, केस घट्ट बांधलेले, पाठीवर रिकामी शाळेची बॅग आणि हातात दुसरी रिकामी पिशवी. शेषेरावांच्या थैलीतून नारळाची शेंडी बाहेर आली होती.

"डॉक्टरसाहेब कुटं हायत?"

"तो नाहीये, काका. नांदेडलाच अडकला. वह्या मी बांधून ठेवल्यात."

शेषेरावांचा चेहरा उतरला. त्यांनी सतरंजीवर ठेवलेल्या वह्यांकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "येतील तवा येतील," ते खाली बसत म्हणाले. "आमची गाडी तीनला हाय."

"त्याला संध्याकाळ होईल."

"मंग चहा टाका, ताई. बघू."

मी चहा टाकला. तनुजा वह्यांपाशी उकिडवी बसली आणि विचारलं, "उघडू का?" मी हो म्हणाले. ती पहिली वही उघडून वाचायला लागली, आणि कप घेऊन मी परत आले तरी तिची मान वर झाली नव्हती. तिचं बोट लाल अक्षरांवरून सरकत होतं.

सव्वा अकराला जिन्यात पावलं वाजली. लॉकर आधीच दुसऱ्या मुलाला दिलेला होता, सगळे ओळखीचे गावी गेलेले होते. त्यामुळे लवकर परतलेला गंधार दारात उभा राहिला.

"हेच का?" शेषेराव उठले. माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी थैलीतून टॉवेल आणि टोपी काढली. "या, या डॉक्टरसाहेब. लांबून आलोत तुमच्यासाठी. सहाशे बारा म्हंजे खेळ न्हाई." टोपी त्याच्या डोक्यावर, टॉवेल खांद्यावर, नारळ हातात. मग ते लेकीकडे वळले. "तनु, पाया पड दादाच्या."

गंधारने माझ्याकडे पाहिलं, मग वह्यांकडे, मग डोक्यावरच्या टोपीला हात लावला. त्याला समजायला कधीच वेळ लागायचा नाही. पेपरात वेळ पुरायचा नाही, एवढंच.

"पाया नको," तो तनुजाला म्हणाला. "किती वाचलंस?"

"रोटेशनचं. दादा, तुम्ही चुका का लिहून ठेवल्यात?"

"परत होऊ नयेत म्हणून."

"मग नाही झाल्या?"

शेषेरावांनी लेकीला उभं केलं, तिच्या ओढणीचं टोक दोन्ही हातांत धरायला लावलं. "आता घाला," ते म्हणाले. "बियाणं घेतेत तसं. ज्याचं पिकलं त्याच्या हाताला गुण असतो. पहिली वही तुमच्या हातनं घाला, बाकीच्या आम्ही घेतो." मी तिथेच उभी होते. मला एवढंच वाटत होतं की त्याने वही उचलावी, घालावी आणि हे संपावं. त्याने वही उचललीही. मग ती परत गठ्ठ्यावर ठेवली.

"काका, हाताला गुण लागतो ना?"

"लागतो की."

"मग माझ्या हातनं घेऊ नका. मला चारशे एकतीस पडलेत. दुसऱ्या वेळेला."

तनुजाने ओढणी सोडली नाही. शेषेरावांनी आधी गंधारकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुमी शिकवता ना?"

"हो."

"भाव करताना मानूस मागं-पुढं बोलतंय. मी बी बोलतो बाजारात. पण अडीचच हायत म्हणालो ते खरं होतं. वरले पाचशे हिच्या मामाकडून आणले." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आणि तुमी सोताच्या भावालाच लपवलं."

गंधारने टोपी काढून त्यांच्यापुढे धरली.

"राहू दे, लेकरा. घातलेली टोपी परत घेत नसतेत."

"वह्या घेऊन जा, काका. पैसे नकोत," तो म्हणाला. "बियाणं चांगलंय. पेरणाऱ्याचं चुकलं."

"पप्पा, मला पाहिजेत," तनुजा म्हणाली.

"न्हाई." शेषेरावांनी गंधारच्या खांद्यावर हात ठेवला. "राग मानू नको. तू खरं बोलला, देव तुझं भलं करील. पण पोरीचं पहिलंच वर्ष हाय. माझं मन घेत न्हाई."

ते पाणी प्यायला खाली काकूंकडे गेले. मला वाटतं, त्यांना वर थांबवेना. तनुजाने जिन्याकडे एकदा पाहिलं आणि ओढणीच्या आतून फोन काढला.

"दादा, फोटो काढू?"

गंधार खाली बसला. त्याने वही उघडली आणि तो पानं उलटत गेला, ती फोटो काढत गेली. दोघंही बोलत नव्हते. तिचा हात वहीला लागला नाही. दहा मिनिटांत रोटेशन झालं आणि अर्धं गुरुत्वाकर्षण. मग खालून हाक आली, "तनेऽ" आणि ती रिकामी बॅग पाठीला लावून पळाली.

आम्ही दोघंच उरलो. चहाचे कप तसेच होते.

"जाहिरात दाखव," गंधार म्हणाला.

मी फोन दिला. त्याने सगळं वाचलं, मेसेजही वाचले.

"सहाशे बारा कुठून आणलेस?"

"गेल्या वर्षीच्या कटऑफच्या थोडं वर. फार जास्त लिहिलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता."

"म्हणजे बराच विचार केलास."

"तुझ्या वह्या रद्दीत जाऊ नयेत म्हणून केलं रे."

"हो. कळलं मला." तो खाली बघत होता. "चारशे एकतीसला कितीपर्यंत आले होते?"

"तीनशे."

त्याने मान हलवली, एखादं उत्तर लिहून घेताना हलवायचा तशी. मग माझ्याच फोनवर आकडा परत ४३१ केला. किंमत चार हजारच ठेवली आणि खाली लिहिलं, 'कमी होणार नाही.' उरलेल्या दिवसांत सहा मेसेज आले. सगळ्यांनी 'लास्ट किती' एवढंच विचारलं. त्याने प्रत्येकाला स्वतः उत्तर दिलं, आणि मला त्यानंतर नोट्सबद्दल काही विचारलं नाही. माझ्याशी तो बोलत होता, जेवत होता, दोरी धर म्हणत होता. फक्त संध्याकाळी काउंटरवरून आले की अडलेलं गणित घेऊन समोर बसायची त्याची दोन वर्षांची सवय संपली. आता गणितं नव्हतीच, हेही खरं.

तीस तारखेला टेम्पो आला. मी चावी द्यायला काकूंकडे गेले.

"काकू, त्या दिवशी तुम्ही मायला काही बोललात का? हंडा विकला त्या दिवशी?"

त्यांना संदर्भ लागायला वेळ लागला. "मी? मी काय बोलणार? तेरा वर्षांची होते. त्या माणसाच्या घरापर्यंत हंडा डोक्यावर नेऊन दिला मीच. गंजगोलाईच्या बाजारापासून लई लांब होतं घर."

"तुमच्या भावाचं नाव काय होतं?"

काकूंनी चावी हातात दोनदा फिरवली.

"मल्लिकार्जुन," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तीन वर्षांचा होता," आणि आत गेल्या.

गंधार शेवटचं, वह्यांचं खोकं घेऊन जिना उतरत होता. वर घडी घातलेला टॉवेल आणि त्यावर टोपी ठेवलेली. प्रत्येक पायरी तो आधी पायाने चाचपत होता. मी पुढे होऊन खोक्याखाली हात घातला.

"राहू दे," तो म्हणाला. "जड नाहीये."

चौदा किलोचं होतं ते. मीच मोजलं होतं.